विद्यार्थ्याला निवड करायला लावणारा नृत्यवर्ग

नृत्य शिकणाऱ्यांना त्यांची स्वतःची शैली मिळवून देऊ, असे सांगणारे अभ्यासवर्ग अलीकडे बरेच निघाले आहेत आणि त्यांपैकी पुष्कळसे थोड्याशा दिवसांत नव्या हालचालींचा एक साठा विद्यार्थ्यांच्या हाती देऊन मोकळे होतात. ज्या वर्गाविषयी मी येथे लिहीत आहे, त्याची आखणी वेगळ्या विचाराने झाली आहे. कोणत्या तरी एका नृत्यप्रकाराची काही वर्षे रीतसर तालीम झालेल्या विद्यार्थ्यांसाठी एका संस्थेने तो सुरू केला आहे, तो काही आठवडे चालतो आणि त्यात कथक, भरतनाट्यम् आणि समकालीन नृत्य शिकणारी मुले-मुली एकत्र काम करतात. माझ्याकडे कथक शिकणाऱ्या काही विद्यार्थिनींना मी या वर्गाला पाठवले आणि संस्थेच्या परवानगीने बहुतेक सत्रांना मागे बसून तो पाहिला. अशा वर्गाला जावे की नाही या विचारात असलेले विद्यार्थी आणि त्यांना पाठवावे की नाही या विचारात असलेले शिक्षक, या दोघांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. शैली ही शिकवण्याची वस्तू नाही, हे या वर्गाच्या आखणीत प्रामाणिकपणे मान्य केलेले आहे. विद्यार्थ्याने नाचताना सतत काही ना काही निवड केलेली असते. नजर केव्हा वळवायची, वजन पायावर किती सोडायचे, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना श्वास रोखायचा की सोडायचा. मात्र बहुतेक वेळा ही निवड त्याच्या नकळत झालेली असते, किंवा गुरूंचे पाहून तशीच उचललेली असते. ती त्याला दिसावी, बदलता यावी आणि मग समजून-उमजून पुन्हा करता यावी, ही सवय लावण्याचे काम हा वर्ग करतो. जितका वेळ तो हे काम करतो तितका वेळ तो फार चांगला आहे, आणि जिथे हे काम सोडून देतो तिथे इतर वर्गांच्याच वाटेने जातो.

पहिल्या काही सत्रांमधला मुख्य सराव वरवर अगदी साधा आहे. प्रत्येकाने आपल्या नृत्यप्रकारातला, पूर्ण अंगवळणी पडलेला एक छोटा तुकडा निवडायचा. माझ्या विद्यार्थिनींनी त्रितालातला एक सोळा मात्रांचा तुकडा घेतला होता. बोल बदलायचे नाहीत, पदन्यास बदलायचा नाही, हातांच्या वाटा बदलायच्या नाहीत. एका वेळी फक्त एकच गोष्ट बदलायची मुभा आणि तीही मार्गदर्शक सांगतील ती. एका फेरीत केवळ नजर, दुसऱ्या फेरीत केवळ वजन, तिसऱ्या फेरीत केवळ हालचालीच्या आतला वेग, म्हणजे मात्रा तीच ठेवून हात सुरुवातीलाच झपकन पोहोचतो की शेवटपर्यंत रेंगाळत जातो, एवढेच. मोकळीक इतकी कमी असल्यामुळे प्रारंभी मुलांना हा सराव कंटाळवाणा वाटला आणि काहींनी तो चेहऱ्यावर दाखवलाही. पण दोन-तीन फेऱ्यांनंतर खोलीतले वातावरण बदलले, कारण एकच तुकडा करणाऱ्या चौघीजणी चार वेगळी माणसे दिसू लागल्या होत्या.

त्यातली एक मुलगी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. ती समेवर अचूक येते, पाय स्वच्छ पडतो, हात जिथे थांबायला हवा तिथे थांबतो. मात्र तिची नजर हाताच्या किंचित मागून पोहोचते. वर्गात मी तिला ही गोष्ट अनेकदा दुरुस्त करायला लावली होती आणि ती तात्पुरती दुरुस्त होऊन पुन्हा तशीच व्हायची. येथे मार्गदर्शकांनी तिला दुरुस्ती सांगितली नाही. त्यांनी तिला तुकडा पुन्हा करायला लावला आणि बसलेल्या मुलांना विचारले, की समेच्या क्षणी तुम्हाला काय दिसले. एकाने सांगितले, की ती कुणाचे तरी ऐकून मग वळून पाहते आहे असे वाटले. मग तिला उलट करायला सांगितले गेले : नजर आधी, हात मागून. सगळा तुकडा एकदम ठाम, जवळजवळ घोषणा केल्यासारखा झाला. नंतर नजर आणि हात एकाच क्षणी. तिन्ही करून झाल्यावर तिला एकच प्रश्न विचारण्यात आला, की या तीनपैकी कोणते तू कुठे वापरशील. तिने थोडा विचार करून सांगितले, की तिहाईच्या (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या बोलांच्या) शेवटच्या धा वर दोन्ही एकत्र हवेत, पण थाटामध्ये (कथकमधल्या सुरुवातीच्या संथ भागात) मात्र मागून येणारी नजरच हवी, कारण तिथे घाई नाही. त्या दिवसानंतर तिचा थाट मी पुन्हा पाहिला. मनगटाची लहानशी हालचाल, मानेचा हलका झोल आणि त्यामागून सावकाश आलेली नजर यांत आता एक निश्चय होता. जे अनवधान होते ते तिच्या हातातले साधन झाले होते, आणि तिहाईतली चूकही आपोआप गेली होती, कारण दोन्हींमधला फरक तिला आता आतून कळत होता.

या सरावामागची चौकट रुडॉल्फ लाबान या विचारवंत नृत्यशिक्षकाच्या कामातून घेतलेली आहे. लाबान यांनी (1879–1958) हालचालीचा गुण पाहण्यासाठी वजन, अवकाश, काळ आणि प्रवाह असे चार घटक मानले : हालचाल जड आहे की हलकी, थेट आहे की वळणावळणाने जाणारी, एकाएकी होणारी आहे की सावकाश, आणि मोकळी वाहणारी आहे की रोखून धरलेली. त्यांतल्या पहिल्या तीन घटकांच्या जोड्यांमधून त्यांनी आठ मूलभूत क्रिया मांडल्या. दाबणे, पिळणे, सरकणे, तरंगणे, ठोसा देणे, सपकन फिरवणे, हलकेच टिपणे आणि झटकणे. युरोपातल्या नृत्यासाठी आणि कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली अभ्यासण्यासाठीही त्यांनी वापरलेली ही परिभाषा कथकला लागू पडेल का, अशी शंका मला होती. ती बऱ्याच अंशी फिटली. आपल्याकडे नृत्याची तालीम देताना ‘जरा वजन दे’, ‘हात धुतल्यासारखा नको’, ‘इथे सोड’ अशी भाषा आपण वापरतोच; पण ती गुरूच्या तोंडी असते आणि शिष्याने ती अंदाजाने समजून घ्यायची असते. लाबानची परिभाषा मुलांनी स्वतःच्या तोंडाने वापरली, एकमेकींना वापरून सांगितली, आणि ‘तुझ्यासारखे होत नाही’ या तक्रारीच्या जागी ‘मी इथे नेहमी रोखून धरते, तू सोडून देतेस’ असे नेमके वाक्य आले. शैलीविषयी बोलता येणे ही शैली घडण्याची पूर्वअट आहे असे मी म्हणणार नाही, कारण कितीतरी थोर कलावंत त्याविषयी अवाक्षर न बोलता नाचून गेले. पण विशीच्या आतल्या विद्यार्थ्याला स्वतःकडे पाहायला शिकवताना शब्द फार उपयोगी पडतात.

सवय मोडून पाहण्यासाठी वर्गात चिठ्ठ्यांचाही उपयोग केला गेला. आपल्याच पाच-सहा हालचाली कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि त्या ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने जोडून नाचायच्या. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम (1919–2009) यांनी 1950 च्या दशकात नाणी उडवून आणि फासे टाकून हालचालींचा क्रम, दिशा, काळ ठरवायला सुरुवात केली होती, आणि त्यामागचे एक कारण हेच होते, की नर्तकाचे शरीर नेहमीच्या वाटेने जाऊ नये. कथकच्या विद्यार्थिनींना चक्करनंतर (गिरकीनंतर) लगेच गतनिकासाची (चालीतून पात्र किंवा भाव दाखवणाऱ्या भागाची) संथ चाल करावी लागली तेव्हा त्या अक्षरशः अडखळल्या. चक्करनंतर समेवर थांबून टाळ्यांची वाट पाहण्याची सवय किती खोल आहे, हे त्यांना आणि मलाही त्या क्षणी कळले. हा सराव आणखी एकदोन वेळा घ्यायला हवा होता. तो घाईघाईने उरकला गेला.

आरशाविषयी संस्थेने घेतलेला निर्णय मला सर्वांत जास्त पटला. खोलीच्या एका भिंतीला पूर्ण आरसा आहे आणि वर्गाच्या बहुतेक काळात त्यावर पडदा ओढलेला असतो. आरशासमोर नाचणारी मुले आपल्या हालचालीकडे बाहेरून पाहतात आणि समोर दिसणारी आकृती गुरूंच्या किंवा एखाद्या आवडत्या नर्तिकेच्या आकृतीशी जुळते का, एवढेच तपासत राहतात. नजरही सतत आरशात अडकल्यामुळे तिचा स्वतंत्र वापर करताच येत नाही. पडदा ओढल्यावर पहिल्या सत्रात दोन मुली चक्क दिशा चुकल्या. चौथ्या-पाचव्या सत्रापर्यंत मात्र त्यांच्या पाठीत आणि खांद्यांमध्ये जाग आलेली दिसू लागली, कारण शरीर कुठे आहे हे आता त्यांना शरीराकडूनच कळत होते. आरसा वर्गात पूर्ण वर्ज्य नव्हता. एखादी रेषा तपासायची असेल तेव्हा पडदा थोडा बाजूला केला जाई आणि काम झाले की पुन्हा ओढला जाई.

शरीराच्या रचनेवर घेतलेले सत्रही मोलाचे होते, आणि भरतनाट्यम् शिकणाऱ्यांसाठी तर विशेष. अरैमंडीमध्ये, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, पाय किती उघडतील हे खुब्याच्या सांध्यातल्या हाडांच्या आकारावर बरेचसे अवलंबून असते आणि प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. ज्याचा खुबा तितका उघडत नाही त्याने पावले जबरदस्तीने बाहेर वळवली, तर तो ताण गुडघ्यावर आणि घोट्यावर जातो. ही गोष्ट दुखापत टाळण्यासाठी सांगितली जाते तेव्हा मुले ती ऐकून सोडून देतात. येथे ती शैलीच्या अंगाने सांगितली गेली. तुझा खुबा इतकाच उघडतो, तर मग त्या कोनातली तुझी बैठक कशी दिसते, तिथून उठणारा अडवू (हातापायांच्या हालचालींची मूलभूत जुळणी) किती खालून निघू शकतो, हात त्याला कसे जुळवून घेतात, असे प्रश्न विचारले गेले. एक लांब हातापायांचा मुलगा नेहमी मागे पडत असे, कारण तो आपले हात आखूड हातांच्या मुलींइतक्याच वेळात तितक्याच मोठ्या वर्तुळातून नेण्याचा प्रयत्न करी. त्याला वर्तुळ लहान करून पाहायला सांगितले, मग वर्तुळ तेच ठेवून आधी निघायला सांगितले. त्याने दुसरा पर्याय निवडला. आता त्याचा हात सगळ्यांच्या आधी हलू लागतो आणि सगळ्यांबरोबर पोहोचतो, आणि मधला जो प्रवास दिसतो तो केवळ त्याचाच आहे.

शिक्षकांच्या मनातली एक भीती मला चांगली ठाऊक आहे, कारण ती माझ्याही मनात होती. अशा वर्गाला पाठवले की मुलींच्या अंगातली घराण्याची तालीम पातळ होईल, त्या सगळीकडचे थोडे थोडे उचलून आणतील, असे वाटते. या भीतीला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. लखनौ घराण्यातले अच्छन महाराज, लच्छू महाराज आणि शंभू महाराज हे सख्खे भाऊ होते. घर एक, तालीम एक, बंदिशी एक. तरीही लच्छू महाराजांची ओळख लास्याची आणि नजाकतीची राहिली, शंभू महाराज अभिनयासाठी, बसून केलेल्या ठुमरीच्या भावासाठी वाखाणले गेले, आणि पुढे अच्छन महाराजांचे पुत्र बिरजू महाराज (1938–2022) यांनी लयकारीला आणि रोजच्या जगण्यातल्या प्रतिमांना जे रूप दिले ते या तिघांहून पुन्हा निराळे होते. घराणे मोडून त्यांनी हे केले, असे कुणी म्हणत नाही. कथक नर्तिका रोहिणी भाटे (1924–2008) यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या दोन गुरूंकडून विद्या घेतली, शास्त्रीय संगीताचा आणि साहित्याचा अभ्यास केला, आणि त्यांचे नृत्य दोघा गुरूंपैकी कुणाचीही प्रतिकृती झाले नाही. दुसऱ्या टोकाला, मर्स कनिंगहॅम स्वतः आधुनिक नृत्याच्या अग्रणी मार्था ग्रॅहम यांच्या चमूत काही वर्षे नाचले आणि नंतर नेमक्या उलट दिशेला गेले. ग्रॅहम यांच्या नृत्यातले कथानक आणि भावनेचा उद्रेक त्यांनी बाजूला ठेवला. म्हणजे गुरूच्या वाटेवर राहूनही वेगळे होता येते आणि वाट सोडूनही. दोन्हींसाठी ती वाट आधी पायांखाली पुरती मुरलेली असावी लागते, आणि या वर्गाने प्रवेशासाठी काही वर्षांच्या तालमीची अट ठेवली आहे ती त्यासाठीच. ही अट शिथिल करू नये. एक-दोन मुले वयाने बरोबरीची पण तालमीने कच्ची होती आणि त्यांना एकच गोष्ट बदलण्याचा सराव जमला नाही, कारण न बदललेली बाजू त्यांच्याकडून स्थिर राहत नव्हती.

अभिनयावरची सत्रे हा या वर्गाचा माझ्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग आहे. एकाच ओळीचे अर्थ अभिनयातून फुलवत नेण्याची, म्हणजे संचारी भावाची, परंपरा ज्यांच्याकडे आहे त्यांना हे काम ओळखीचे वाटेल. भरतनाट्यम् नर्तिका बालसरस्वती (1918–1984) एकाच पदातली एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन तिच्यातून नवे नवे अर्थ काढत, आणि त्यांचे अभिनयातले मोठेपण या तत्काळ स्फुरणाशी जोडलेले आहे. पण आज अनेक ठिकाणी संचारीही नेमून दिलेले असतात, आणि विद्यार्थी ते पाठ करतो. या वर्गात सगळ्यांना एक साधी परिस्थिती दिली गेली : नायिका वाट पाहते आहे आणि ज्याची वाट पाहायची तो आलेला नाही. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांनी तेच केले, म्हणजे दाराकडे पाहिले, दागिने उतरवले, फुले टाकून दिली, पदराने डोळे टिपले. मार्गदर्शकांनी हे सर्व शांतपणे पाहिले आणि मग या चारही गोष्टी करायला मनाई केली. पुढच्या खेपेला प्रत्येकाने आधी वहीत लिहायचे होते, की वाट पाहताना आपले शरीर प्रत्यक्षात काय करते. आठवणीतून, कल्पनेतून नव्हे.

लिहिण्याला बराच वेळ दिला गेला, आणि तो देणे योग्य होते. जर्मन नृत्यरचनाकार पीना बाउश (1940–2009) आपल्या नर्तकांना प्रश्न विचारून, त्यांच्या उत्तरांतून नृत्यरचना उभी करत असत, आणि या सरावाचे नाते त्या पद्धतीशी आहे हे मार्गदर्शकांनी मुलांना सांगितलेही. वाचून दाखवल्या गेलेल्या उत्तरांमध्ये एकीने लिहिले होते, की ती घडी घातलेला कपडा पुन्हा उलगडते आणि पुन्हा घडी घालते. तिला तेच नाचायला सांगण्यात आले. सुरुवातीला तिने कपडा फार ठळक दाखवला. हातात काय आहे ते प्रेक्षकाला समजावे, या काळजीने. मग तिला सांगितले गेले, की कपडा काय आहे हे आम्हाला कळले नाही तरी चालेल. दुसऱ्या वेळी तिचे कोपर अंगाशी आले, हात लहान झाले, घडीच्या कडा दोन बोटांनी जुळवण्याची हालचाल तीनदा झाली आणि तिसऱ्यांदा जुळवता जुळवता ती थांबली. दाराकडे तिने एकदाही पाहिले नाही. खोलीत सगळ्यांना कळले, की तिने आशा सोडली आहे. मुद्दा हा, की कोपरे अंगाशी ठेवण्याची तिची सवय एरवीच्या तालमीत दोष म्हणून गणली जात होती. नृत्त, म्हणजे अभिनयाविना केवळ ताल-लयीचे नृत्य, करताना तो दोषच आहे आणि तिने तो काढलाच पाहिजे. मात्र अभिनयात तिला त्याचा कुठे उपयोग करता येईल, हे तिला या सत्रात स्वतःहून सापडले.

एकमेकांचे काम पाहून बोलण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास विकसित केलेली चार टप्प्यांची प्रतिसाद-पद्धत येथे वापरतात. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगायचे. मग नाचणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी मत न दडवलेले, निखळ प्रश्न विचारायचे. आणि शेवटी, नाचणाऱ्याची परवानगी घेऊनच मत द्यायचे. आपल्याकडच्या तालमीची रीत याहून फार वेगळी आहे. गुरू चूक सांगतात, शिष्य मान डोलावतो. ती रीत पाया घालण्यासाठी लागतेच, आणि मी ती सोडणार नाही. तरीही, दुसऱ्या टप्प्यात माझ्या एका विद्यार्थिनीने, जी माझ्यासमोर सहसा ‘हो ताई’ यापलीकडे बोलत नाही, पाहणाऱ्यांना विचारले, ‘‘मी गत घेताना घाबरलेली दिसते का? मला तसे दिसायचे नाहीये, पण आतून तसे वाटते.’’ हा प्रश्न इतक्या वर्षांत तिने मला विचारला नव्हता, आणि तो विचारण्याची जागा तिला मिळाली याबद्दल मी संस्थेची मनापासून ऋणी आहे.

आता उणिवा. त्या लहान नाहीत.

पहिली उणीव संगीताची. संपूर्ण वर्गात ध्वनिमुद्रित साथ वापरली गेली. कथकच्या विद्यार्थ्याची शैली ज्या गोष्टीत सर्वांत आधी दिसते ती गोष्ट म्हणजे लयीशी त्याचे नाते : तो मात्रेच्या किंचित पुढे राहतो की मागे रेलतो, विलंबित लयीत मोकळी जागा किती सोडतो, तिहाई संपवताना सम सहज घेतो की झडप घालून. ध्वनिमुद्रित लेहरा (तालाचे आवर्तन दाखवत राहणारी सुरावट) कुणाचेच ऐकत नाही. तबलजी समोर असला की तो नर्तकाचा अंदाज घेतो, एखादा बोल हळूच उचलून परत देतो, प्रश्न टाकतो, आणि उपज अंगाला (नाचता नाचता जागीच नवे सुचण्याला) जाग येते ती या देवाणघेवाणीत. शैलीवर इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या संस्थेने निदान काही सत्रांना तबला आणि मृदंगाची साथ ठेवायला हवी होती. समकालीन नृत्य करणाऱ्यांनाही तिचा तितकाच लाभ झाला असता.

दुसरी उणीव संख्येची. एका गटात इतके विद्यार्थी घेतले होते, की प्रतिसादाचे चारही टप्पे रोज मोजक्या मुलांच्या वाट्याला येत आणि उरलेले मागे बसून राहत. बुजरी मुले अशा वेळी आणखी मागे सरकतात आणि ज्यांना बोलता येते त्यांचेच काम पुढे जाते.

तिसरी गोष्ट एका मार्गदर्शकांच्या बोलण्याच्या सवयीची आहे. त्या मुलांना कौतुकाने विशेषणे देत; कुणी ‘आग’, कुणी ‘पाणी’, कुणी ‘शांत’. हेतू चांगला होता, यात शंका नाही. परिणाम मात्र असा झाला, की ‘आग’ म्हटली गेलेली मुलगी पुढच्या सत्रापासून प्रत्येक हालचाल जोरात करू लागली, अगदी जिथे तिला स्वभावतः थांबावेसे वाटत होते तिथेही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपण कोण आहोत हे कुणीतरी ठामपणे सांगितले, तर ते त्याला हवेच असते आणि तो ते घट्ट धरून ठेवतो. शैली घडत असण्याच्या वयात असे शिक्के मारू नयेत. मार्गदर्शकांनी काय दिसले तेवढेच सांगावे, जसे त्यांच्याच पद्धतीचा पहिला टप्पा सांगतो.

आणि शेवटचा आठवडा. त्यात प्रत्येकाने एका मिनिटाची ‘स्वतःची’ रचना करायची आणि ती प्रकाशयोजनेसह चित्रित करून घ्यायची, असे ठरलेले होते. इतके आठवडे ज्या मुलांनी आरसा झाकून काम केले त्यांच्यासमोर आता कॅमेरा आला. एका मिनिटात काहीतरी लक्षात राहील असे दिसले पाहिजे, या दडपणाखाली जवळजवळ सगळ्यांनी आपापली हमखास टाळ्या घेणारी गोष्ट काढली. कथकच्या मुलींनी चक्करांची संख्या वाढवली, समकालीनवाल्यांनी जमिनीवरच्या घसरण्या आणि उड्या घेतल्या. घडीच्या कपड्याचे ते सुंदर काम करणाऱ्या मुलीने ते चित्रित करायला नकार दिला, कारण ‘त्यात काही होत नाही’ असे तिला वाटले, आणि त्या नकारापासून तिला कुणी परावृत्त केले नाही याचे मला वाईट वाटले. फोनवर रोज दिसणाऱ्या आखूड नृत्यफितींनी मुलांच्या मनात आकर्षकतेचे जे माप आधीच बसवलेले आहे, त्या मापाला या शेवटच्या आठवड्याने संस्थेची मान्यता दिल्यासारखे झाले. चित्रीकरणाला माझा विरोध नाही. मधल्या सत्रांमध्ये आवाज बंद करून मुलांना त्यांच्याच सरावाच्या फिती दाखवल्या होत्या तेव्हा त्यांना स्वतःच्या सवयी उत्तम दिसल्या होत्या; एका मुलाला तर आपला डावा खांदा प्रत्येक समेच्या आधी वर जातो, हे प्रथमच कळले. ते चित्रीकरण पाहण्यासाठी होते, शेवटचे दाखवण्यासाठी होते. पालकांना आणि शिक्षकांना काहीतरी दाखवायचेच असेल, तर चालू वर्ग उघडा ठेवावा आणि त्यांनी मागे बसून पाहावा. मी तसा पाहिला, आणि मला त्या फितींपेक्षा कितीतरी अधिक समजले.

ज्यांची तालीम अजून पहिल्या काही वर्षांत आहे त्यांनी या वर्गाची घाई करू नये. ज्यांचे हात-पाय तयार आहेत, पण रंगमंचावर आपण गुरूंची नक्कल करतो आहोत असे ज्यांना वाटू लागले आहे, त्यांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवीन. जाताना एक वही न्यावी आणि रोजच्या सरावात कोणती एक गोष्ट बदलली व तिने काय झाले, हे त्याच दिवशी लिहावे. संस्था वही देते, पण ती भरून घेण्याकडे लक्ष देत नाही, आणि ज्यांनी नेमाने लिहिले त्यांचेच काम वर्ग संपल्यावरही पुढे चालू राहिलेले मी पाहते आहे. पाठवणाऱ्या शिक्षकांनी प्रवेशाआधी संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात : गटात किती विद्यार्थी असतील, साथ प्रत्यक्ष असेल का, आणि शेवटचे चित्रीकरण ऐच्छिक ठेवता येईल का. पुढच्या खेपेला माझ्या विद्यार्थिनींना पाठवण्यापूर्वी मी हेच विचारणार आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर शेवटचा आठवडा वगळून बाकीच्या सत्रांना त्यांना बसू द्यावे, अशी विनंती करणार आहे.